वीज नसलेल्या मुक्कामाला बॅटरी कोणती न्यावी?

अमेरिकेत असा एक मोठा वर्ग आहे, की जो आपले घरच चाकांवर घालून हिंडतो. ओटा, बिछाना, नळ, फ्रीज असा सगळा संसार पोटात घेतलेल्या या गाडीला तिकडे 'आर. व्ही.' म्हणतात. तळावर वीज-पाण्याची सोय असली तर काही प्रश्न नसतो. पण पुष्कळांना ती सोय नसलेल्या रानात किंवा वाळवंटात मुक्काम ठोकण्याची हौस असते. या प्रकाराला ते 'बूनडॉकिंग' म्हणतात. शब्दाचे मूळ गमतीचे आहे. फिलिपाइन्समधील तागालोग भाषेत 'बुंडोक' म्हणजे डोंगर. तिथे गेलेल्या अमेरिकन सैनिकांबरोबर तो शब्द इंग्रजीत गेला आणि तेथून या फिरस्त्यांच्या तोंडी बसला. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून अशा गाड्यांची चर्चा आपल्याकडेही ऐकू येऊ लागली आहे.

आमच्या महाविद्यालयापाशी अर्थातच अशी गाडी नाही. पण प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कणकुंबीच्या बाजूला दोन रात्रींचे शिबिर ठरविले आणि तोच प्रश्न आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. चौदा माणसे, भाड्याची मिनीबस, मुक्कामाच्या जागी विजेचा खांब नाही. रात्री पांढरा पडदा बांधून त्यावर दिवा सोडायचा आणि जमणाऱ्या पतंगांची नोंद करायची, हा शिबिराचा मुख्य हेतू. म्हणजे दिवा विझला की शिबिरही विझले. दोघे-तिघे विद्यार्थी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, "सर, बॅटरी कोणती घेऊ?"

मी विचारले, "लागते किती?"

"ते काय मोजायचं सर, मोठीच घेऊ या की!"

बाजारातही हीच तऱ्हा दिसते. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो "किती अँपिअरची?" आणि गिऱ्हाईक खिशाकडे पाहून एक आकडा सांगते. खरे पाहता बॅटरी निवडण्याचे काम दुकानात सुरूच होत नाही. ते घरी, कागद-पेन्सिल घेऊन सुरू होते. म्हणून मी त्या मुलांना फळ्यापाशी उभे केले आणि आपण काय काय चालविणार, किती वॉटचे, किती तास, हे लिहायला लावले.

एल. ई. डी. दिवे चार, प्रत्येकी ५ वॉट, रोज ५ तास : १०० वॉट-तास. पडद्यावरचा अतिनील दिवा २० वॉट, सात ते अकरा असे चार तास : ८० वॉट-तास. नोंदींसाठी एक लॅपटॉप, ४५ वॉट, ३ तास : १३५. आणि मग मोबाईल. एका मोबाईलला दिवसाकाठी १५ वॉट-तास धरले तर चौदांचे २१०. पाहा, ज्यासाठी शिबिर आहे त्या दिव्याला ८० आणि मोबाईलला २१०! दऱ्याखोऱ्यांत संदेशलहरी क्षीण असल्या की मोबाईल त्या शोधण्यात आपली शक्ती घालवितो आणि घरच्यापेक्षा लवकर रिकामा होतो. तो 'विमान' स्थितीत ठेवला तर दोन दिवस सहज जातो. एवढी शिस्त पाळायची ठरल्यावर मोबाईलचा आकडा निम्म्यावर, म्हणजे १०५ वर आला. एकाने लहान फ्रीजची सूचना केली होती. गाडीत चालणारा, १२ व्होल्टचा छोटा फ्रीज थांबत-थांबत चालूनही दिवसाला ५०० वॉट-तासांच्या आसपास खातो. म्हणजे बाकीच्या सगळ्या यादीहून जास्त. त्याच्यासाठी बॅटरी दुप्पट करण्यापेक्षा दूध तळाजवळच्या वस्तीतून विकत घ्यावे हे बरे. फ्रीज यादीतून गेला.

बेरीज झाली ४२०. लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर वापरला तर त्यात काही वीज वाया जाते, तारांत काही जाते. यासाठी १५ टक्के वाढविले की साधारण ४८५. दोन दिवसांचे ९७० वॉट-तास. आता दुकानात जायला हरकत नाही.

पण त्याआधी दुसरीकडून आलेल्या एका सूचनेचा समाचार घेतला पाहिजे, कारण ती फार ठिकाणी ऐकू येते. "गाडीला बॅटरी आहेच, तीच वापरू या." ही सूचना केवळ गैरसोयीची नाही, ती धोक्याची आहे.

गाडीची बॅटरी एका विशिष्ट कामासाठी घडविलेली असते. इंजिन फिरविण्यासाठी स्टार्टरला काही सेकंद प्रचंड प्रवाह लागतो. समजा ३०० अँपिअर प्रवाह तीन सेकंद वाहिला. हिशेब करा, तो होतो ९०० अँपिअर-सेकंद, म्हणजे पाव अँपिअर-तास! एवढेसे काम. उलट आपले ते चार दिवे, मिळून २० वॉट, एक तास जळले की सुमारे १.७ अँपिअर-तास खर्च होतात. म्हणजे इंजिन सहा-सात वेळा सुरू करण्याइतकी वीज एका तासाच्या दिव्यांत जाते. एकदम प्रवाह देता यावा म्हणून गाडीच्या बॅटरीत पातळ पत्रे पुष्कळ भरलेले असतात. पृष्ठभाग मोठा, पण जीव लहान. ती खोलवर रिकामी करण्यासाठी नाहीच. थोडक्या वेळा तसे केले तरी तिची ताकद कायमची घटते. मुक्कामाची बॅटरी याच्या उलट हवी : जाड पत्र्यांची, दमाने आणि खोलवर वीज देणारी.

आणि धोका तो काय? घाटात साप आहेत. रात्री दोन वाजता कोणाला दंश झाला तर प्रतिविष मिळेल अशा दवाखान्याकडे, खानापूरला किंवा बेळगावला, लगेच निघायला हवे. त्या वेळी चालकाने किल्ली फिरवावी आणि गाडीने नुसते 'टक्' करावे, याची कल्पना करून पाहा. दिवे, लॅपटॉप, मोबाईल यांपैकी काहीही त्या बॅटरीला जोडायचे नाही, हा नियम मी विद्यार्थ्यांकडून लिहूनच घेतला. अमेरिकेतील आर. व्ही. वाल्यांच्या गाड्यांतही गाडीची बॅटरी आणि 'घरची' बॅटरी अशा दोन वेगळ्या असतात, आणि त्यांच्यामध्ये एकीचा बोजा दुसरीवर पडू न देणारी योजना असते.

आता दुकानातला आकडा. बॅटरीवर '१०० अँपिअर-तास' असे लिहिलेले असते. १२ व्होल्टने गुणले की १,२०० वॉट-तास. आपली गरज ९७०. मग झाले काम, असे वाटते. येथेच गिऱ्हाईक फसते. लेबलवरचा आकडा खोटा नसतो, पण तो दोन अटींवर खरा असतो.

पहिली अट वेगाची. शिशाच्या बॅटरीचा हा आकडा बहुधा वीस तासांच्या हिशेबाने दिलेला असतो : ५ अँपिअर प्रवाह घेतला तर ती २० तास पुरेल. २० अँपिअर घेतला तर ५ तास पुरायला हवी. ती पुरत नाही. पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली यासंबंधीचा नियम मांडला. त्या नियमाने पाहिले तर साधारण बॅटरी पावणेचार तासांतच थकते. आमच्या दिव्यांचा प्रवाह लहान असल्याने आम्हाला याची फारशी झळ नव्हती. पण ज्यांना पाणी तापविण्याची विजेची किटली चालवायची आहे त्यांनी हे पुन्हा वाचावे. (आणि मग किटली घरी ठेवून स्टोव्ह न्यावा.)

दुसरी अट खोलीची, आणि ती अधिक महत्त्वाची. शिशाची बॅटरी पहिल्यांदा बनविली ती गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १८५९ साली. शिशाचे पत्रे आणि सल्फ्युरिक आम्ल ही तिची मांडणी आजही मूलतः तीच आहे. वीज देताना दोन्ही पत्र्यांवर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक जमतात. चार्ज करताना ते विरघळून मूळ द्रव्ये परत होतात. पण बॅटरी फार रिकामी केली, आणि त्याहून वाईट म्हणजे रिकामी तशीच ठेवून दिली, तर ते स्फटिक वाढून टणक होतात आणि मग चार्ज करूनही विरघळत नाहीत. तेवढा पत्रा निकामी झाला. म्हणून शिशाची बॅटरी निम्म्यावर आली की थांबावे, अशी जुन्या जाणत्यांची शिकवण आहे. मग १,२०० पैकी वापरायचे फक्त ६००. आमच्या ९७० साठी १६० अँपिअर-तासांची बॅटरी हवी.

यावर उपाय म्हणून लोक कुठली जात घेतात ते पाहू. अमेरिकेत गोल्फच्या मैदानावर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून १२ व्होल्ट करण्याची पद्धत जुनी आहे, कारण त्या रोज खोलवर रिकाम्या होण्यासाठीच केलेल्या असतात. आपल्याकडे तशीच घरोघरची ओळखीची वस्तू म्हणजे इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी. १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर आपल्या भागात लोडशेडिंगच्या काळापासून पुष्कळ घरांत जिन्याखाली बसलेली असते. तिचे धन पत्रे नळ्यांच्या आवरणात असल्याने त्यांतील द्रव्य लवकर झडत नाही आणि अधूनमधून निम्म्याच्या खाली गेली तरी ती सोसते. किंमत, दम, दुरुस्ती या बाबतींत तिला तोड नाही. पण वजन पन्नास-साठ किलो, आणि आत पातळ आम्ल! चोर्ला रस्त्याची वळणे ज्यांनी उभ्याने अनुभवली आहेत त्यांना अधिक सांगणे नको. लाकडी खोक्यात घट्ट बसवून, उभीच ठेवून, वर हवा खेळती ठेवून ती नेता येते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो म्हणून बंद गाडीत माणसांच्या झोपण्याच्या जागेपाशी मात्र ती चार्ज करू नये. बंदिस्त, पाणी न घालण्याची शिशाची बॅटरी, जी संगणकाच्या यू. पी. एस. मध्ये असते, ती सांडत नाही. पण यू. पी. एस. साठी केलेल्या पुष्कळ बॅटऱ्या काही मिनिटांच्या कामाच्या असतात. घेताना 'डीप सायकल' प्रकार आहे का ते पाहावे.

तिसरी जात लिथियमची. नाव काढताच एक प्राध्यापक मित्र म्हणाले, "छे छे, त्या पेट घेतात." लिथियम ही एक जात नसून कुळ आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट हा त्यातला शांत स्वभावाचा सदस्य. या पदार्थावरचा मूळ शोधनिबंध १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. लेखक होते पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ. आमच्या कानडी विभागाच्या वाचकांना मधले नाव वाचून बरे वाटेल. गुडइनफ यांना लिथियम बॅटऱ्यांवरील कार्यासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. या पदार्थात ऑक्सिजन फॉस्फेटच्या बंधात घट्ट अडकलेला असतो. बॅटरी तापली तरी तो सहजी सुटत नाही, म्हणून भडका उडण्याची शक्यता कोबाल्टच्या जातीपेक्षा पुष्कळ कमी. शक्यता मुळीच नाही असे मात्र कोणी समजू नये.

तिचे चार घट मिळून १२.८ व्होल्ट होतात. १०० अँपिअर-तासांचे १,२८० वॉट-तास, आणि त्यांतील ८० टक्के निश्चिंतपणे वापरता येतात, म्हणजे १,०२४. आमचे ९७० त्यात बसले. वजन बारा किलोच्या आसपास. एका विद्यार्थ्याने काखोटीला मारून नेण्यासारखी. शिवाय ती हजारो वेळा भरता-रिकामी करता येते, जिथे शिशाची शेकड्यांत मोजावी लागते. किंमत जास्त, हे खरे. पण '१०० ला १००' अशी किंमत ताडून पाहणे चुकीचे आहे. वापरता येणाऱ्या वॉट-तासांची किंमत ताडावी. तशी ताडली की अंतर बरेच कमी होते.

तिच्याही अटी आहेत. आत घटांची राखण करणारे नियंत्रक मंडल असते. ते किती अँपिअरपर्यंत प्रवाह सोडते हे पाहिलेच पाहिजे. शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. हिमालयात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कणकुंबीला त्याची चिंता नाही. तिचा विद्युतदाब शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो. शिशाच्या बॅटरीला काही वेळ विश्रांती देऊन व्होल्टमीटर लावला तर १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ ते १२.२ म्हणजे निम्मी, असे ढोबळ मानाने सांगता येते. येथे ते चालत नाही. आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रवाह मोजत राहणारे मीटर लावावे लागते. आणि जुन्या रिक्षांच्या बॅटऱ्या फोडून बांधलेली, लेबल नसलेली खोकी स्वस्त मिळतात, ती घेऊ नयेत.

मग आम्ही काय केले? माझे मत असे पडले, की पहिल्याच शिबिरासाठी काही विकत घेण्याची गरज नाही. आपली गरज कागदावर ९७० आहे. ती प्रत्यक्षात किती निघते हे एकदा कळू द्यावे. प्रयोगशाळेच्या इन्व्हर्टरची १५० ची ट्युब्युलर दोन दिवस मोकळी होती. ९७० वॉट-तास काढले तर ती सुमारे ५४ टक्के रिकामी होते. वर्षातून एकदा एवढे तिला चालते. सुताराकडून खोके करून घेतले, मागच्या बाकाच्या जागी ते पट्ट्यांनी आवळले, आणि बॅटरीच्या टोकांवर रबरी टोप्या चढविल्या.

तारांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण पुस्तकात हे शिकूनही परीक्षेबाहेर कोणी वापरत नाही. १२ व्होल्टवर तेच काम करायला २३० व्होल्टच्या मानाने एकोणीसपट प्रवाह लागतो. पाच मीटर अंतरावर २० अँपिअर न्यायचे. जाण्या-येण्याची तार दहा मीटर. घरगुती वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली तर सुमारे १.४ व्होल्ट तारेतच हरवतात, म्हणजे बाराव्या हिश्श्याहून अधिक. आणि इन्व्हर्टर 'बॅटरी संपली' म्हणून ओरडू लागतो. १० चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.३५ व्होल्टच. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीच्या अगदी शेजारी ठेवावा आणि लांब न्यायची ती २३० व्होल्टची तार. फ्यूज धन टोकाच्या जितका जवळ तितका चांगला. काम करताना अंगठी आणि कडे काढून ठेवावे. दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो लाल होतो, आणि अंगठीलाही तोच नियम लागू आहे.

सौर पत्र्याबद्दल विद्यार्थ्यांना फार आशा होती. मोकळ्या माळावर, स्वच्छ उन्हात १०० वॉटचा पत्रा दिवसाला साडेतीनशे-चारशे वॉट-तास देतो, ही लहान गोष्ट नव्हे; आमच्या रोजच्या गरजेचा मोठा वाटा त्यातून निघेल. पण त्यातील घट एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी सगळ्याचे उत्पन्न कोसळते. तंबू सावलीत आणि पत्रा उन्हात असे दोन तळ करावे लागतात. घाटातल्या पावसाळ्यात तर त्याचा विचारही नको. गाडी चालू असताना तिच्या यंत्रातून बॅटरी भरून घेण्याची कल्पनाही चांगली आहे. मात्र लिथियमची बॅटरी थेट जोडली तर ती एवढा प्रवाह ओढते, की गाडीचा अल्टरनेटर तापून बिघडू शकतो. मध्ये प्रवाहाला मर्यादा घालणारा चार्जर हवाच. भाड्याच्या गाडीत असले उद्योग करू नयेत. चालकाला तर ते मुळीच आवडत नाहीत.

शिबिरात वहीत रोजचा खर्च लिहिला गेला. लॅपटॉप ठरल्यापेक्षा अधिक चालला, दिवे कमी जळले. परतल्यावर विश्रांती देऊन मोजलेला दाब १२.२ व्होल्ट होता, म्हणजे हिशेबाच्या आसपासच. त्याच संध्याकाळी बॅटरी चार्जिंगला लावली. शिशाची बॅटरी रिकामी ठेवून रात्र काढू नये. पुढच्या वर्षी तीन रात्री आणि आणखी एक पडदा असा बेत आहे. त्या वेळी लिथियमची १०० ची घ्यावी आणि सोबत पत्रा न्यावा, असे विद्यार्थ्यांनीच आकडे मांडून सुचविले आहे. ती आली की वर्षभर कपाटात ठेवताना पूर्ण भरून न ठेवता निम्मी भरून ठेवायची, आणि ट्युब्युलर मात्र नेहमी भरलेली व तिच्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घातलेली, हे प्रयोगशाळेच्या फळ्यावर एका कोपऱ्यात लिहून ठेवले आहे.